नोरोव्हायरसची अँटीबॉडी : व्हायल हातात आल्यापासून प्लेट वाचेपर्यंत

“मॅडम, अँटीबॉडी खराब निघाली.” फेब्रुवारी उजाडला, एमएस्सीच्या प्रोजेक्टची घाई सुरू झाली, की साताऱ्यातून, कराडहून, मिरजेहून हा फोन येतो. कुणाची प्लेट पूर्ण कोरी आलेली असते, कुणाची निगेटिव्ह कंट्रोलसकट (विषाणू नाहीच हे माहीत असलेल्या भागासकट) निळी झालेली असते. सविस्तर विचारलं की बहुतेक वेळा कळतं, अँटीबॉडी चांगलीच होती. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक आकार ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. तिला जे ओळखता येतं, ते त्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या त्या खळग्यात, त्या आकारात उरलंच नव्हतं. व्हायलची, म्हणजे अँटीबॉडीच्या छोट्या कुपीची, किंमत विद्यार्थ्याला परवडणारी नसते आणि दुसरी मागवायला विभागाकडे पैसे नसतात. म्हणून उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस अँटीबॉडीने शोधायची ही पद्धत मी क्रमाने लिहून काढते आहे.

इथे मी सँडविच एलायझा (अँटीबॉडी वापरून, रंगावरून विषाणू ओळखणारी चाचणी) धरून चालले आहे. एक अँटीबॉडी प्लेटला चिकटवायची, तिने नमुन्यातला विषाणू पकडायचा, दुसऱ्या अँटीबॉडीने तो दाखवून द्यायचा. हे सगळं संशोधनापुरतं आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल असलेल्या अँटीबॉडीवरून कुठल्याही रुग्णाला रिपोर्ट देऊ नका, ओळखीतला असला तरी नाही.

टप्पा १ : मागवण्याआधी डेटाशीट वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे थांबून वाचा.

१. जीनोग्रुप, म्हणजे जनुकांवरून पाडलेला विषाणूचा गट, बघा. माणसांत आजार करणारे नोरोव्हायरस मुख्यतः जीनोग्रुप १ आणि २ मधले, क्वचित ४ मधले. लॅबमध्ये आपण त्यांना जी-वन, जी-टू म्हणतो. कित्येक वर्षं जगभर सगळ्यात जास्त आढळलेला प्रकार म्हणजे जी-टूमधला चौथा जीनोटाइप (गटातला उपप्रकार). जी-वनविरुद्ध तयार केलेली मोनोक्लोनल अँटीबॉडी (एकाच ठरावीक जागेला बसणारी) जी-टूला ओळखेलच असं नाही. बहुतेक ओळखत नाहीत. कॅटलॉगात नुसतं ‘नोरोव्हायरस अँटीबॉडी’ लिहिलेलं असतं. खाली ‘इम्युनोजेन’ (अँटीबॉडी तयार करायला प्राण्याला टोचलेलं प्रथिन) या ओळीत कुठला जीनोटाइप वापरलाय ते शोधा. ती ओळच नसेल तर कंपनीला मेल करा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

२. उंदराचा नोरोव्हायरस वेगळा. तो जीनोग्रुप ५ मधला. उंदराच्या मॅक्रोफाजसारख्या पेशींत, म्हणजे रॉ २६४.७ या सेल लाइनमध्ये, तो सहज वाढतो, म्हणून संशोधनात खूप वापरला जातो आणि त्याच्या अँटीबॉडीही भरपूर मिळतात. माणसाच्या नमुन्यासाठी चुकून ती मागवली, तर प्लेट कोरी येणार हे आधीच ठरलेलं असतं.

३. अँटीबॉडी कुठला आकार ओळखते ते बघा. विषाणूचं कवच व्हीपी-१ या एकाच मुख्य प्रथिनाच्या १८० प्रतींचं बनलेलं असतं. त्या दोन-दोनच्या जोड्यांनी बसतात, म्हणजे ९० जोड्या. प्रत्येक प्रतीचा एक भाग आत सलग कवच करतो, त्याला एस-डोमेन म्हणतात. दुसरा बाहेर कमानीसारखा उभा राहतो, तो पी-डोमेन. पी-डोमेनचं टोक सगळ्यात जास्त बदलतं. त्या टोकाला बसणारी अँटीबॉडी नेमकी असते, पण नवा प्रकार आला की तो तिच्या हातून सुटू शकतो. एस-डोमेनमधला जतन झालेला तुकडा ओळखणारी अँटीबॉडी पुष्कळ प्रकार ओळखू शकते, मात्र तो तुकडा अखंड कणात आत दडलेला असेल तर तिला पोचायला जागाच मिळत नाही.

काही अँटीबॉडी घडी घातलेलं, जागेवर बसलेलं प्रथिनच ओळखतात. एलायझात त्या उत्तम चालतात. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) नमुना एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळला की प्रथिनाची घडी मोडते आणि मग त्या चालत नाहीत. काहींचं नेमकं उलटं असतं. ‘वेस्टर्नला चालली म्हणजे एलायझाला चालेल’ हे गृहीत धरू नका. डेटाशीटवर तुमच्या पद्धतीचं नाव स्पष्ट लिहिलेलं हवं.

४. जोडी जुळवा. प्लेटला चिकटवायची अँटीबॉडी आणि दाखवणारी अँटीबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांतली घ्या. साधी जोडी म्हणजे खाली सशाची पॉलिक्लोनल (वेगवेगळ्या जागांना बसणाऱ्या अँटीबॉडींचं मिश्रण), वर उंदराची मोनोक्लोनल, त्यावर उंदराच्या आयजीजीविरुद्धचं (आयजीजी म्हणजे रक्तातली नेहमीची अँटीबॉडी) एचआरपी कॉन्ज्युगेट, म्हणजे रंग आणणारं एचआरपी हे एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी. हे कॉन्ज्युगेट सशाच्या आयजीजीला चिकटत नाही याची खात्री करून घ्या. लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

माझ्या एका विद्यार्थिनीने दोन्ही अँटीबॉडी उंदराच्याच घेतल्या होत्या. टीएमबी (एचआरपीमुळे निळं होणारं द्रावण) घातल्यावर मिनिटभरात ए-१ पासून एच-१२ पर्यंत सगळी प्लेट एकसारखी गडद निळी झाली. कॉन्ज्युगेटने खालचीच अँटीबॉडी धरली होती. विषाणू असो वा नसो, रंग येणारच होता. दोन्ही उंदराच्याच वापरायच्या असतील तर वरच्या अँटीबॉडीला बायोटिन जोडलेलं हवं आणि कॉन्ज्युगेट म्हणून स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी हवं; स्ट्रेप्टाव्हिडिन बायोटिनला घट्ट चिकटतं.

इथे तपासा : इम्युनोजेनचा जीनोटाइप, कुठल्या पद्धतीसाठी तपासली आहे, कुठल्या प्राण्यातली आहे, सांद्रता किती, सोडियम अझाइड (बुरशी रोखणारं रसायन) आहे का. या पाच गोष्टी वहीत लिहिल्याशिवाय ऑर्डरवर सही घेऊ नका.

टप्पा २ : पार्सल आणि साठवण

आपल्याकडे पार्सल मुंबई-पुण्याहून येतं. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवारी संध्याकाळी गावातल्या गोदामात पोचतं आणि सोमवारपर्यंत तिथेच पडून राहतं. तोवर बर्फाच्या पिशवीचं पाणी झालेलं असतं. म्हणून पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करा, असं पुरवठादाराला ऑर्डरच्या कागदावरच लिहून द्या. उन्हाळ्यात तर हे नक्कीच करा.

पार्सल आल्यावर क्रम असा :

१. उघडताना बर्फाच्या पिशवीची अवस्था बघा, फोटो काढा, तारीख लिहा.

२. व्हायल लगेच उघडू नका. आधी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. ५० किंवा १०० मायक्रोलिटरच्या व्हायलमध्ये प्रवासात अर्धाअधिक द्रव टोपणाच्या आतल्या कडेला थेंब होऊन चिकटतो. न फिरवता टोपण काढलं की तो थेंब ग्लोव्हजला लागतो आणि गेला.

३. पावडर स्वरूपात असेल तर डेटाशीटवर लिहिलेल्या द्रवात आणि तेवढ्याच आकारमानात विरघळवा. ५ ते १० मिनिटं तशीच ठेवा, मग हलक्या हाताने उलटसुलट करा. व्हॉर्टेक्सवर धरू नका. फेस आला की प्रथिन बिघडतं.

४. १० किंवा २० मायक्रोलिटरचे अलिकोट, म्हणजे छोटे वाटे, करा. प्रत्येकावर नाव, लॉट नंबर, सांद्रता, तारीख लिहा. ‘अँटीबॉडी १’, ‘अँटीबॉडी २’ असं लिहू नका; सहा महिन्यांनी तुम्हालाही ते कळणार नाही.

५. न जोडलेली अँटीबॉडी साधारणपणे उणे २० अंशांना ठेवतात, रोजच्या वापरातला अलिकोट ४ अंशांना. एचआरपी जोडलेलं कॉन्ज्युगेट ४ अंशांना, अंधारात. डेटाशीटवर स्पष्ट सांगितलं नसेल तर कॉन्ज्युगेट गोठवू नका.

सावधान : आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज अँटीबॉडीसाठी वाईट. त्याचा फ्रीझर अधूनमधून गरम होतो आणि आतली व्हायल न कळत वितळून पुन्हा गोठते. वीज जाण्याचा प्रश्न तर वेगळाच. फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवा आणि सकाळी आल्याबरोबर आकडा वहीत लिहा.

टप्पा ३ : बफर आणि पाणी

बोअरचं जड पाणी कशालाच वापरू नका, प्लेट धुवायलाही नाही. ताजं डिस्टिल्ड पाणी घ्या. कोपऱ्यातल्या जुन्या कॅनमध्ये महिनाभर पडलेलं पाणीही नको.

कोटिंग बफर : सोडियम कार्बोनेट १.५९ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट २.९३ ग्रॅम, एक लिटरमध्ये, पीएच ९.६. नावं जवळपास सारखी असल्यामुळे दोन वजनांची अदलाबदल नेहमी होते. पीएच मोजला की चूक लगेच पकडली जाते. हा बफर ताजा करा, फार तर आठवडाभर ४ अंशांना ठेवा.

धुण्याचा बफर : पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचा बफर), पीएच ७.४, त्यात ०.०५ टक्के ट्वीन-२० हे डिटर्जंट, म्हणजे लिटरला अर्धा मिलिलिटर. ट्वीन मधासारखा दाट असतो. टिपेचं टोक कापा, सावकाश ओढा, टिप बाहेरून पुसा, मग बफरमध्ये सोडून वर-खाली करा.

ब्लॉकिंग (प्लेटवरची उरलेली जागा झाकणं) : पीबीएसमध्ये ५ टक्के स्किम मिल्क पावडर किंवा १ ते ३ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन). बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन वापरत असाल तर दूध नको. दुधात मुळातच बायोटिन असतं आणि ते तुमच्या स्ट्रेप्टाव्हिडिनला अडवतं.

सावधान : सोडियम अझाइड एचआरपीला मारतं. बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी विभागाच्या पीबीएसच्या बाटलीत अझाइड टाकून ठेवलेलं असतं आणि लेबलवर त्याचा उल्लेख नसतो. प्रत्येक बाटलीवर अझाइड ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहाच. अझाइड असलेलं द्रावण ॲसिडमध्ये मिसळू नका, सिंकमध्येही ओतू नका.

टप्पा ४ : पॉझिटिव्ह कंट्रोल आणि नमुने

पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्याला रंग यायलाच हवा असा नमुना) म्हणून व्हीएलपी, म्हणजे विषाणूसारखे कण, वापरतात. व्हीपी-१ प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार केलं की ते आपोआप जुळून विषाणूसारखा पोकळ कण बनतो. आत विषाणूचा जीनोम नसतो, त्यामुळे संसर्गाची भीती नाही. याच कारणाने व्हीएलपी आरटी-पीसीआरचा (विषाणूचा जीनोम शोधणाऱ्या चाचणीचा) कंट्रोल होऊ शकत नाही. हा गोंधळ मी दोन प्रोजेक्ट रिपोर्टांत पाहिला आहे.

आता माझ्या हातून झालेली चूक. सँडविच करण्याआधी नुसती अँटीबॉडी तपासावी म्हणून मी व्हीएलपी थेट प्लेटला चिकटवायचं ठरवलं. हातातला नेहमीचा कार्बोनेट बफर घेतला, पीएच ९.६, रात्रभर ४ अंशांना. सकाळी पॉलिक्लोनलला बऱ्यापैकी रंग आला, मोनोक्लोनलला काहीच नाही. तीन आठवडे मी मोनोक्लोनलला दोष दिला. कारण बफरमध्ये होतं. जी-वनच्या व्हीएलपींवर झालेल्या अभ्यासातून माहीत आहे की हे कण आम्ल ते उदासीन पीएचला टिकतात आणि अल्कधर्मी पीएचला, साधारण ८ पासून पुढे, सुटे होऊ लागतात. कण सुटला, घडी बदलली, आणि अखंड आकार ओळखणाऱ्या माझ्या मोनोक्लोनलला धरायला काही राहिलं नाही. तीच व्हीएलपी पीबीएसमध्ये, पीएच ७ च्या आसपास लावली आणि पहिल्याच प्लेटला रंग आला.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा : अँटीबॉडी चिकटवताना पीएच ९.६ चालेल, व्हीएलपी चिकटवताना नाही. व्हीएलपीचं डायल्युशनही पीबीएसमध्येच करा.

नमुन्यांकडे वळू. शौचाचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. नमुना हाती आल्यावर समितीकडे जाणं चालत नाही. काम बीएसएल-२ (संसर्गजन्य नमुन्यांसाठीची सुरक्षा पातळी) सोयींमध्ये, सेफ्टी कॅबिनेटच्या आत करा. या विषाणूचे अगदी थोडे कण माणसाला आजारी पाडायला पुरतात आणि अल्कोहोलचा सॅनिटायझर त्यावर कमी पडतो. हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. टेबल पुसायला ताजं सोडियम हायपोक्लोराइट वापरा : ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की ५,००० पीपीएम होतं. पातळ केलेलं द्रावण रोजच्या रोज नवं करा.

१. शक्यतो आजार सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला नमुना घ्या. पुढे विषाणूचं प्रमाण उतरत जातं.

२. दहा टक्के द्रावण करा : ०.१ ग्रॅम नमुना, पीबीएस घालून एकूण १ मिलिलिटर. नीट मिसळा.

३. १०,००० जी-फोर्सला १० मिनिटं फिरवा आणि वरचं द्रव घ्या. इथे जी-फोर्स आणि आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) एक समजले जातात. रोटरची त्रिज्या ७ सेंटिमीटर असेल तर १०,००० आरपीएमला जेमतेम ७,८०० जी मिळतात. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, आरपीएमच्या वर्गाने गुणा, मग ०.००००१११८ ने गुणा.

४. वरचं द्रव छोट्या भागांत उणे ७० किंवा ८० अंशांना ठेवा. तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवू नका.

सांगलीचे विद्यार्थी मला कृष्णेच्या पाण्याबद्दल विचारतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या मुलांनी हा प्रश्न विचारणं साहजिक आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. पण नदीचं पाणी थेट एलायझाच्या वेलमध्ये घालू नका. पाण्यात विषाणू असला तरी तो इतका विरळ असतो की एलायझाच्या पकडीत येत नाही. त्यासाठी मोठ्या आकारमानाचं पाणी घेऊन विषाणू गोळा करावा लागतो आणि मग आरटी-पीसीआर करावं लागतं. कोऱ्या एलायझा प्लेटवरून ‘पाणी स्वच्छ आहे’ असं लिहिणं धोक्याचं आहे.

टप्पा ५ : चेकरबोर्ड, म्हणजे योग्य प्रमाण शोधणं

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. ‘डेटाशीटवर १:१००० लिहिलंय की’ असं मुलं म्हणतात. ते प्रमाण कंपनीच्या प्लेटवर, कंपनीच्या बफरमध्ये, कंपनीच्या खोलीत ठरलेलं असतं. तुमच्यासाठी ती फक्त सुरुवात आहे.

१. आडव्या ओळी, म्हणजे ए ते एच : खालची अँटीबॉडी ८, ४, २, १, ०.५, ०.२५, ०.१२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि शेवटची ओळ अँटीबॉडीविना.

२. उभे रकाने : १ ते ६ मध्ये ठरावीक व्हीएलपी, समजा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ७ ते १२ मध्ये व्हीएलपी नाही, फक्त बफर.

३. वरची अँटीबॉडी रकाना १ ते ६ मध्ये १:५०० पासून दुप्पट पातळ करत न्या, म्हणजे शेवटचा १:१६,०००. तोच क्रम ७ ते १२ मध्ये पुन्हा.

४. प्रत्येक जोडीसाठी व्हीएलपी असलेल्या वेलचं रीडिंग भागिले नसलेल्या वेलचं रीडिंग काढा.

सर्वात गडद रंगाची जोडी निवडायची नाही. हे गुणोत्तर सर्वात मोठं असलेली जोडी निवडायची, आणि दोन-तीन जोड्या बरोबरीला आल्या तर ज्यात अँटीबॉडी कमी लागते ती. २.८ विरुद्ध ०.६ यापेक्षा १.६ विरुद्ध ०.०८ कितीतरी चांगलं.

हिशेबाचा नमुना : स्टॉक १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, हवंय २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ९६ वेलना १०० मायक्रोलिटरप्रमाणे ९.६ मिलिलिटर लागतं, पण ११ मिलिलिटर करा, कारण पिपेटिंगमध्ये थोडं जातंच. ११ गुणिले २ म्हणजे २२ मायक्रोग्रॅम, म्हणजे स्टॉकचे २२ मायक्रोलिटर. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये एक शून्य चुकलं तर आख्खी व्हायल एका दिवसात संपते. हिशेब दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, मगच व्हायल उघडा.

टप्पा ६ : प्रत्यक्ष प्लेट

पहिला दिवस, संध्याकाळ

१. एलायझासाठीची जास्त चिकटवणारी प्लेट घ्या. टिश्यू कल्चरची प्लेट चालत नाही.

२. प्लेटचा नकाशा कागदावर काढा : कुठे कंट्रोल, कुठे नमुने. प्रत्येक नमुन्याला चार वेल द्या. दोन वेलमध्ये नोरोव्हायरसविरुद्धची सशाची अँटीबॉडी, दोनमध्ये त्याच सांद्रतेची साध्या सशाची आयजीजी. या दुसऱ्या जोडीमुळे शौचातलं काही उगाच चिकटून रंग देतंय का ते कळतं. ही जोडी वगळली की पुढच्या निकालाला आधारच राहत नाही.

३. कोटिंग बफरमधली अँटीबॉडी प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घाला. प्लेटवर सील लावा. स्टीलच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेट ठेवा आणि डबा रात्रभर ४ अंशांना. उघडी ठेवलेली प्लेट कडेने सुकते आणि कडेचे वेल वेगळे वागतात.

दुसरा दिवस

४. तीन वेळा धुवा. वेल काठोकाठ भरा, अर्धा मिनिट थांबा, झटक्यात उलटा करा, टिश्यूवर ठोकून कोरडी करा. ठोकण्यात हात आखडला तर बॅकग्राउंड, म्हणजे विषाणू नसतानाही येणारा रंग, वाढतं. पण धुऊन झाल्यावर प्लेट तशीच कोरडी टाकून चहाला जाऊ नका. पुढचं द्रावण तयार असेल तेव्हाच धुवा.

५. ब्लॉकिंग २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांना एक तास. कोटिंग १०० मायक्रोलिटरचं होतं. ब्लॉकिंगही तेवढंच घातलं तर वेलच्या भिंतीचा वरचा भाग उघडा राहतो आणि पुढे तिथेच सगळं चिकटतं.

६. एकदा धुवा. नमुने, व्हीएलपी आणि बफरचे कंट्रोल १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांना एक ते दोन तास. नमुना दोन पातळ्यांवर लावा, एक जसाच्या तसा आणि एक दहापट पातळ, दोन्हींना चार-चार वेल. अँटिजेन फार जास्त झालं की सँडविच एलायझात रंग उलट कमी येऊ शकतो.

७. पाच वेळा धुवा. पहिलं धुण्याचं पाणी संसर्गजन्य समजा. ते सिंकमध्ये झटकू नका, हायपोक्लोराइटच्या टबमध्ये घ्या.

८. वरची अँटीबॉडी, चेकरबोर्डवरून ठरलेल्या प्रमाणात, ३७ अंशांना एक तास. पाच वेळा धुवा.

९. कॉन्ज्युगेट, ३७ अंशांना ३० ते ६० मिनिटं. पुन्हा पाच वेळा धुवा. कॉन्ज्युगेटची टिप टीएमबीच्या बाटलीत गेली तर आख्खी बाटली निळी होते. टीएमबी आधी वेगळ्या ट्यूबमध्ये ओतून घ्या, उरलेलं परत बाटलीत ओतू नका.

१०. टीएमबी १०० मायक्रोलिटर, अंधारात १० ते १५ मिनिटं. फ्रीजमधून काढल्या काढल्या घालू नका.

सावधान : डेटाशीटवरचं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात सांगलीत एसी नसलेल्या खोलीत १५ मिनिटांत जो रंग येतो तो साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी येणार नाही. प्रत्येक प्लेटबरोबर खोलीचं तापमान लिहा. एका प्रोजेक्टमधल्या सगळ्या प्लेट एकाच तापमानाला, एकाच वेळेवर थांबवा.

११. पहिल्या वेलमध्ये टीएमबी घातल्यापासून वेळ मोजा आणि स्टॉप द्रावण त्याच क्रमाने, त्याच वेगाने घाला. स्टॉप म्हणजे १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड, ५० ते १०० मायक्रोलिटर. निळ्याचा पिवळा रंग होतो.

टप्पा ७ : वाचन आणि निर्णय

स्टॉप घातल्यावर १५ मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरला वाचा, संदर्भासाठी ६२० किंवा ६३०. रीडर आधीच चालू करून ठेवा. प्लेटच्या तळावर पाण्याचा थेंब किंवा बोटाचा ठसा असेल तर पुसा. वेलमध्ये बुडबुडा दिसला तर स्वच्छ सुईने फोडा.

१. आधी कंट्रोल बघा, नमुने नंतर. व्हीएलपीला रंग नाही किंवा बफरच्या वेलला रंग आहे, तर ती प्लेट बाद. तिच्यातला एकही नमुना ‘बरा दिसतोय’ म्हणून उचलू नका.

२. कटऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह मानायची सीमा, काढा. निगेटिव्ह असल्याची खात्री असलेल्या नमुन्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची तिप्पट. समजा सरासरी ०.०८ आणि विचलन ०.०२, तर कटऑफ ०.१४. दोन निगेटिव्हवरून विचलन काढून उपयोग नाही, जितके जास्त घ्याल तितकं चांगलं.

३. कटऑफच्या वर असलेल्या नमुन्यात नोरोव्हायरसच्या अँटीबॉडीचं रीडिंग साध्या आयजीजीच्या रीडिंगच्या निदान दुप्पट आहे का ते बघा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पॉझिटिव्ह म्हणा.

४. प्रमाण काढायचं असेल तर व्हीएलपीचा स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या सांद्रतांच्या रीडिंगचा आलेख) त्याच प्लेटवर हवा, कालचा नाही. हा कर्व्ह एस आकाराचा असतो. त्यावर सरळ रेषा ओढू नका, चार पॅरामीटरचं फिटिंग वापरा आणि कर्व्हच्या बाहेरची रीडिंग आकड्यात सांगू नका.

एका प्लेटवर चार वेल पिवळे दिसले म्हणून अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नका. तोच नमुना वेगळ्या दिवशी पुन्हा लावा आणि शक्य असेल तर आरटी-पीसीआरने पडताळा. एलायझा आरटी-पीसीआरपेक्षा कमी संवेदनशील आहे, म्हणून निगेटिव्ह आला तर ‘आढळला नाही’ इतकंच लिहा. आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे कवचाचं प्रथिन सापडलं. विषाणू जिवंत आहे की नाही हे अँटीबॉडी सांगत नाही.

टप्पा ८ : प्लेट बिघडली तर कुठून शोधायचं

सगळी प्लेट कोरी : आधी कॉन्ज्युगेटचा एक थेंब थेट टीएमबीत टाका. निळं झालं नाही तर कॉन्ज्युगेट किंवा टीएमबी गेलंय, नाहीतर कुठेतरी अझाइड आहे. निळं झालं तर मागे जा : जीनोग्रुप जुळतो का, व्हीएलपी कुठल्या पीएचमध्ये होती, जोडीचे प्राणी कुठले.

सगळी प्लेट निळी : एकेक थर वगळून वेल करा. खालची अँटीबॉडी नसलेला, व्हीएलपी नसलेला, वरची अँटीबॉडी नसलेला. ज्या वेलमध्ये रंग अचानक जातो, गडबड त्या वगळलेल्या थरात आहे.

फक्त कडेचे वेल गडद : सील नीट नव्हतं किंवा इनक्युबेटरमध्ये प्लेट एकावर एक रचल्या होत्या.

व्हीएलपीला रंग आहे पण खात्रीच्या पॉझिटिव्ह नमुन्यांना नाही : नमुन्यातला जीनोटाइप वेगळा असू शकतो. आरटी-पीसीआरने आणि सिक्वेन्सिंगने प्रकार काढा, मग अँटीबॉडीबद्दल बोला.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये व्हीपी-१ साधारण ५८ ते ६० किलोडाल्टनला दिसायला हवं. ३० ते ३५ च्या आसपास पट्टा दिसला तर लगेच ‘चुकीचं प्रथिन’ म्हणू नका. ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमने व्हीपी-१ मधोमध तुटून तेवढा तुकडा सुटतो, हे माहीत असलेलं आहे.

टप्पा ९ : आवरताना

दिवसाच्या शेवटी दमलेल्या हातांनी अपघात होतात. स्टॉप द्रावण घातलेली प्लेट हायपोक्लोराइटच्या टबमध्ये बुडवू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. ॲसिडचं द्रव वेगळ्या बाटलीत गोळा करा. ब्लीचमध्ये बुडवलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, कारण तेच. नमुन्याच्या ट्यूब, टिप्स आणि प्लेट विभागाच्या ठरलेल्या पद्धतीने निर्जंतुक करून बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे योग्य रंगाच्या पिशवीत जाऊ द्या. लॅबचं दूषित प्लास्टिक लाल पिशवीत.

मग ग्लोव्हज काढून, हात साबणाने धुऊन वहीत लिहा : अँटीबॉडीचा लॉट नंबर, कितव्यांदा वितळवलेला अलिकोट, बफरची तारीख आणि पीएच, खोलीचं तापमान, टीएमबीची मिनिटं. नवीन लॉट आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावून बघा. त्यासाठी जुन्या लॉटचा एक अलिकोट आजच बाजूला काढा आणि त्यावर लाल पेनाने ‘तुलनेसाठी, वापरू नये’ असं लिहून ठेवा.